सामाईक रेषेतले सोळा प्राणी

स्क्रोल सॉ ही बारीक पात्याची यांत्रिक करवत हाती आली की नवशिका हौशी कारागीर बहुधा आधी प्राण्यांकडे वळतो. हत्तीचं चित्र प्लायवर चिकटवायचं आणि बाहेरच्या रेषेवरून पातं फिरवायचं. हत्ती मिळतो, उरलेला प्लाय कचऱ्यात जातो.

एन्झो मारी (१९३२–२०२०) या इटालियन डिझायनरच्या ‘सोळा प्राणी’ या लाकडी कोड्यात असं ‘उरलेलं’ शोधावं लागतं. मिलानच्या दानेझे कंपनीने १९५७ साली ते आणलं. ओकच्या एका आयतात हत्ती, उंट, जिराफ, पाणघोडा, साप असे सोळा प्राणी एकमेकांत गुंतून बसले आहेत.

या रचनेतली खरी करामत रेषेत आहे. चाळीतली भिंत जशी दोन बिऱ्हाडांची सामाईक, तशी इथली रेषा दोन प्राण्यांची. एकाच्या पोटाखालची पोकळी दुसऱ्याच्या पाठीने भरते. साहजिकच एकाला जरा सुडौल करू गेलं की शेजाऱ्याचं अंग बिघडतं. म्हणून इथे कुणाचंच हुबेहूब चित्र नाही. सोंड, लांब मान, पाठीवरचा उंचवटा एवढ्यावरच ओळख पटते. रंगकाम नाही, खवले नाहीत, केस नाहीत. काय गाळायचं हे मारींना पक्कं ठाऊक होतं.

दुसरी खुबी जाडीची. पातळ प्लायमधला प्राणी भिंतीवर टांगावा लागतो. मारींचा प्राणी जाड फळीतला, म्हणून तो स्वतःच्या पायांवर उभा राहतो, दुसऱ्याच्या पाठीवरही चढतो. कोडं सुटलं की खेळ संपत नाही. मुलाच्या हातात सोळा शिल्पं येतात.

हे सौंदर्य किती कठीण आहे, ते पातं चालवणाऱ्याला लगेच कळतं. टेबल पात्याशी काटकोनात नसेल तर काप तिरका जातो आणि तुकडा एकाच बाजूने बाहेर निघतो, दुसऱ्या बाजूने अडतो. लाकूड जोराने रेटलं की पातं वाकतं; परिणाम तोच. पात्याच्या जाडीइतका भुसा उडतो आणि तेवढीच फट तुकड्यांना हलायला मिळते. फट फार झाली तर कोडं खुळखुळतं, फार कमी झाली तर तुकडे निघता निघत नाहीत. त्यात ओकच्या शिरा एकाच दिशेने धावतात. सापासारख्या वळणदार अंगात त्या कुठेतरी आडव्या येणारच आणि अरुंद भाग तिथे मोडायची भीती. त्यामुळे वळण देखणं असून भागत नाही, ते टिकायलाही हवं.

पुढे १९७४ मध्ये याच मारींनी साध्या फळ्या आणि खिळ्यांनी कुणालाही बनवता येईल अशा फर्निचरचे आराखडे लोकांना खुले केले. वस्तू स्वतः करून पाहिली की ती चांगली की सुमार हे माणसाला कळतं, ही त्यामागची भूमिका.

तेव्हा स्वतः करून जरूर पाहावं, पण नवशिक्यांनी सोळाच्या वाटेला जाऊ नये. आधी दोनच प्राणी घ्या, मध्ये एकच रेषा ठेवा. दोघेही ओळखू येईपर्यंत ती कागदावर खोडा, पुन्हा काढा आणि मगच मशीन सुरू करा.