आज्ञापत्रातला समुद्र

नेसरीहून समुद्र दिसत नाही. आमच्या शिवारावर आषाढात कोसळणारा पाऊस अरबी समुद्रावरूनच येतो. परंतु तो पोटात घेऊन घटप्रभा निघते ती पूर्वेला, त्या समुद्राकडे पाठ करून. आम्हां घाटावरच्या माणसांचेही काहीसे तसेच झाले आहे. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी प्रतापराव गुजर सहा सोबत्यांसह नेसरीच्या खिंडीत पडले आणि कुसुमाग्रजांच्या कवितेने ते सात स्वार घरोघर पोचवले. ते योग्यच झाले. मात्र घोड्याला मराठी साहित्यात जी जागा मिळाली ती गलबताला मिळाली नाही, हेही तितकेच खरे.

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार दर्याचे आहेत. आनंदाचीच गोष्ट. तरी या निमित्ताने जे लिहिले-बोलले जाते, त्यात तटाची लांबी असते, बुरुजांची संख्या असते. पाण्यावर काय चालत होते ते क्वचितच असते. वर्गात ‘आरमार’ हा शब्द आला की मुले पाटीवर किल्ला काढतात. त्यांचा दोष नाही. आपण त्यांना किल्लाच दाखवला.

मग मराठीत आरमार वाचावे कोठे? माझे उत्तर कोणाला चमत्कारिक वाटेल. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त, त्याच्या शेवटच्या प्रकरणात. १७१५ च्या सुमारास, कोल्हापूरच्या गादीवरील संभाजीराजांच्या कारकीर्दीतला हा ग्रंथ. अमात्यांची जहागीर बावड्याची, म्हणजे आजच्या गगनबावड्याची. घाटाच्या अगदी माथ्यावरची. खाली विजयदुर्गापाशी वाघोटनची खाडी समुद्राला मिळते. त्याच खाडीने भरतीबरोबर माल खारेपाटणपर्यंत चढे आणि तेथून बैलांच्या पाठीवरून बावड्याच्या घाटाने कोल्हापुरास येई. ही वाट जुनी आहे. खारेपाटणला सापडलेल्या १००८ सालच्या शिलाहारांच्या ताम्रपटातही परदेशी जहाजांवरच्या कराचा उल्लेख आहे. समुद्र न दिसणाऱ्या माथ्यावर बसूनही समुद्राचा हिशेब ठेवावा लागतो, हे अमात्यांना ही वाटच शिकवत असली पाहिजे.

आता त्या प्रकरणाकडे पाहू. त्यात लाटांचे वर्णन नाही, वीरश्रीचे उमाळे नाहीत. जहाजे फार मोठी नकोत, फार लहानही नकोत; गुराबा आणि गलबते अमुक प्रमाणात असावीत; पावसाळ्यात आरमार दर वर्षी एकाच बंदरात ठेवू नये, असा मजकूर आहे. आरमाराच्या खर्चाची नेमणूक मुलखाच्या वसुलातून करावी, बंदराच्या उत्पन्नावर करू नये, असेही बजावले आहे. कारण तसे केले तर पगारासाठी व्यापाऱ्यांची नागवण होईल आणि व्यापार बुडेल. एका वाक्यात केवढे हे शहाणपण! शिपायाचे पोट कोठून भरते यावर त्याची वागणूक ठरते, हे ज्याला कळले तो खरा कारभारी, आणि माझ्या मते खरा लेखकही.

याच प्रकरणात झाडांविषयीचा प्रसिद्ध मजकूर आहे. आंबे-फणस तोडू नयेत, रयतेने ते लेकरांसारखे वाढवलेले असतात. एखादे झाड जीर्ण झालेच असेल तर मालकाला राजी करून, मोल देऊन घ्यावे. हा उतारा पुष्कळ ठिकाणी शिवाजी महाराजांचे पत्र म्हणून छापला जातो आणि वृक्षप्रेमाचा धडा म्हणून वाचला जातो. तो आज्ञापत्रातला आहे आणि आरमाराच्या प्रकरणातला आहे, याचा विसर पडला की त्याचे अर्धे मोल जाते. ज्याला जहाज हवे, त्यालाच झाड राखण्याची आज्ञा होत आहे! गरज ऐन भरात असताना हात आवरणे, ही त्या मजकुराची थोरवी आहे.

या ग्रंथाला एक उणेपण मात्र आहे. त्यात सरसुभा बोलतो, खलाशी बोलत नाही. कोळी, भंडारी, गाबीत, खारवी, दालदी यांच्या मनगटावर जे आरमार चालले, त्यांच्यातल्या एकाचाही आवाज या पानांत ऐकू येत नाही. राजनीतीच्या ग्रंथाकडून तशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. पण पुढच्या तीनशे वर्षांतल्या कथा-कादंबऱ्यांकडून ती करायला काय हरकत आहे? ऐतिहासिक कादंबरीतला कान्होजी आंग्रे पुष्कळदा लाकडी घोड्यावर बसलेला स्वारच वाटतो. त्याला वारा लागत नाही, ओहोटी अडवत नाही.

आणि हे केवळ साहित्याचे दुखणे नव्हे. टोपीकर हे इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांना समुद्रकिनारी जागा देऊ नये, असे याच ग्रंथाने सावकारांच्या प्रकरणात बजावले होते. चाळीस वर्षांनी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंग्र्यांचे आरमार जाळले, तेव्हा पेशवे इंग्रजांच्या बाजूला होते. किल्ला आजही उभा आहे. नाहीशी झाली ती जहाजे. दगडाचा उत्सव करताना त्या राखेचीही आठवण ठेवली, तर वारसा या शब्दाला काही वजन राहील. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे आंग्र्यांची गोदी आहे. किल्ला पाहून परतणाऱ्यांनी तेथेही पाय वळवावेत.

या दिवाळीत मुले अंगणात किल्ला करतील, मोहरी-हळिवाची हिरवळ पेरतील, मावळे बसवतील. त्यांना पायथ्याशी एका परातीत पाणी ठेवायला सांगावे, आणि त्यात होडी सोडताना दोन प्रश्न विचारावेत: हिचे लाकूड कोणाच्या वाडीतले? हिच्या तांडेलाचे नाव काय? पहिल्याचे उत्तर अमात्यांनी देऊन ठेवले आहे. दुसऱ्याचे मराठी लेखकाकडून अजून येणे आहे.