चिंध्यांच्या सतरंज्या : एका गृहकलेची सद्यःस्थिती

स्वीडन आणि फिनलंड या मुलखांत घरोघर अंथरल्या जाणाऱ्या चिंध्यांच्या सतरंज्यांना 'प्राचीन' म्हणण्याचा जो प्रघात पडला आहे, तो इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथील शेतकऱ्याच्या घरात सणावारी जमिनीवर पसरल्या जात त्या सूचिपर्णी झाडांच्या डहाळ्या. फाटक्या कापडाला गिऱ्हाईक असे ते कागदाच्या गिरण्यांचे, कारण कागद चिंध्यांचाच होई. १८४४ च्या सुमारास जर्मनीतील केलरने लाकूड दळून लगदा करण्याची युक्ती शोधली, पुढील काही दशकांत गिरण्यांची चिंध्यांची मागणी ओसरली, आणि त्याच काळात यंत्रमागाचे स्वस्त सुती कापड खेड्यापाड्यांत पोहोचले. तेव्हा कोठे ही सतरंजी सामान्य माणसाच्या ओसरीवर आली. यंत्रयुगाचेच हे अपत्य आहे, आणि त्यात तिला कमीपणा येण्याजोगे काहीच नाही.

विणकर स्त्रीच्या दिवसाचा मोठा भाग मागावर बसण्यापूर्वीच खर्ची पडतो. जुने कपडे धुवायचे, शिवणी उसवायच्या, दोन-अडीच सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापायच्या, जोडावर गाठीसारखा उंचवटा येऊ नये म्हणून त्यांची टोके निमुळती करायची, आणि मग रंगवार गुंडे बांधायचे. एका चौरस मीटरला साधारण किलो-दीड किलो चिंध्या लागतात, यावरून या पूर्वतयारीची कल्पना येईल. ताणा मात्र विरळ, सेंटिमीटरला जेमतेम तीन धाग्यांचा, पण विलक्षण ताठ. फणीचा ठोका इतका जोरकस द्यावा लागतो की हलका माग त्याखाली सरकू लागेल. बाणा सरळ ओढून चालत नाही. त्याला थोडा बाक देऊनच ठोकावा लागतो, नाहीतर सतरंजीच्या कडा आत खेचल्या जातात.

परंतु या कसबाहूनही मोलाची आहे ती रंगांची पूर्वयोजना. लाल कापड एखाद्याच परकराचे असेल, तर ते संपूर्ण लांबीभर कोठे कोठे आणि किती रुंद पट्ट्यांत खर्चायचे याचा हिशेब पहिला धोटा फेकण्यापूर्वीच मनात पक्का असावा लागतो; मध्येच लाल संपले तर बाजारातून आणण्याचा दस्तूर नव्हता. टंचाईने घातलेल्या या बंधनातूनच उत्तम सतरंजीतील पट्ट्यांचा ताल उत्पन्न होतो, आणि म्हणूनच मी तिला निव्वळ काटकसरीचा जिन्नस न मानता रंगरचनेची कला मानतो. आपल्याकडील गोधडीत जुन्या लुगड्यांचे थर सुईने एकजीव होतात. तेथे ते काम ताण्यावर होते, एवढाच काय तो भेद. कार्ल लार्सन या चित्रकाराच्या १८९९ च्या 'एत् हेम' या चित्रग्रंथाने सुंडबोर्नच्या त्याच्या घराची आणि पत्नी कारीनच्या विणकामाची ख्याती सर्वत्र नेली. साध्या, घरगुती विणीला प्रतिष्ठा मिळवून देण्यात त्या घराचा वाटा मोठा आहे.

आजची स्थिती संमिश्र आहे. सामायिक मागांच्या खोल्यांत स्त्रिया अजून एकत्र विणतात. फिनलंडमध्ये उन्हाळ्यात पाण्याकाठच्या खास धक्क्यांवर पाइनच्या साबणाने सतरंज्या धुण्याची रीतही टिकून आहे, जरी साबणाचे पाणी समुद्रात जाऊ नये म्हणून काही नगरपालिकांनी ही सोय जमिनीवर हलविली आहे. खरी अडचण कच्च्या मालाची आहे. आजच्या टाकाऊ कपड्यांत विणीव, ताणणारे आणि कृत्रिम धाग्यांचे कापड फार; ते जुन्या सुती चादरीसारखे ठोक्याखाली दबून बसत नाही. म्हणून अनेक जणी गिरणीतील उरलेल्या कडा विकत घेतात, आणि दुकानांत तर आपल्या देशातून व बांगलादेशातून मक्त्याने विणून गेलेल्या सतरंज्या स्वस्तात मिळतात. त्या विणणाऱ्यांच्या हातात कौशल्य कमी नाही, हे निक्षून सांगितले पाहिजे. परंतु रंगांचा क्रम आधीच नमुन्यात ठरून येत असल्यामुळे निवडीचा अधिकार त्यांच्याकडे उरत नाही, आणि त्या अधिकाराशिवाय ही कला केवळ मजुरी होते.

पायांखाली झिजणारी वस्तू जपून ठेवावी असे फारसे कोणास वाटत नाही, म्हणून उत्तम नमुने बहुधा वापरातच संपले. वृद्ध विणकर स्त्रियांना कोणती पट्टी कोणाच्या सदऱ्याची, कोणती आईच्या पडद्याची, हे आजही सांगता येते. संग्रहालयांनी सतरंजीबरोबर हा तपशीलही त्यांच्या हयातीतच रीतसर आपल्या दप्तरी नोंदवून घ्यावा.