व्हीएमस्टॅट : आतून मोजणाऱ्याची मर्यादा

एका संगणकाच्या पोटात अनेक संगणक राहू शकतात, ही कल्पना आता बरीच जुनी झाली. आयबीएम कंपनीने १९७२ मध्ये व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली, तेव्हाही ती अगदी नवी नव्हती. आज एखादे संकेतस्थळ ज्या ‘संगणकावर’ चालते, तो पुष्कळदा असाच आभासी संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन असतो. खरे यंत्र एकच. त्याला आपण यजमान म्हणू. त्याच्यावर राहणारी आभासी यंत्रे अनेक. त्यांना पाहुणे म्हणू. प्रत्येक पाहुण्याचा समज असा, की सारे घर आपलेच आहे.

असा पाहुणा संगणक एकाएकी मंद चालू लागला, तर कारण कसे शोधायचे? लिनक्स वापरणारे बहुतेक जण कमांड लाइन उघडतात आणि व्हीएमस्टॅट ही आज्ञा देतात. तापमापी किंवा तराजू वर्गात आणताना आपण विचारतो, की हे काय मोजते, काय मोजत नाही आणि कुठे फसवते. हेच प्रश्न आम्ही येथे या आज्ञेला विचारणार आहोत.

आधी गुण पाहू. व्हीएमस्टॅट लहान आहे, फुकट आहे आणि लिनक्सच्या बहुतेक यंत्रांवर आधीपासून असते. आज्ञेपुढे १ आणि ५ हे आकडे लिहिले, की दर सेकंदाला एक अशा पाच ओळी पडद्यावर येतात. त्या फाइलमध्ये साठवता येतात, त्यांचा आलेख काढता येतो. क्षणोक्षणी बदलणाऱ्या रंगीत पडद्यापेक्षा अशी तारीखवार नोंदवही विद्यार्थ्याला अधिक शिकवते, असे आमचे मत आहे.

आता दोष. पहिला दोष नावाचा. यातील ‘व्हीएम’ म्हणजे व्हर्च्युअल मशीन नव्हे, तर व्हर्च्युअल मेमरी. ही आज्ञा बर्कले युनिक्सच्या परंपरेतून आली आणि स्मृतीची अदलाबदल पाहण्यासाठी ती केलेली होती. आभासी यंत्रांचे काम तिच्याकडे मागाहून आले. दुसरा दोष पहिल्या ओळीचा. ती ओळ त्या क्षणाची नसते. यंत्र सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. पुस्तिकेत हे लिहिलेले आहे, पण पडद्यावर त्याची खूण नाही. घाईत एकच ओळ पाहणारा माणूस महिन्याभराची सरासरी ‘आत्ताची स्थिती’ म्हणून वाचतो.

तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. उजव्या टोकाजवळ ‘एसटी’ अशा दोन अक्षरांचा स्तंभ असतो. पाहुण्याला काम करायचे होते, पण यजमानाने त्या वेळी प्रोसेसर त्याला दिलाच नाही, अशा वेळेचे हे शेकडा प्रमाण. इंग्रजीत त्याला चोरलेला वेळ म्हणतात. लिनक्समध्ये ही नोंद २००५ मध्ये, २.६.११ या आवृत्तीपासून आली.

ही नोंद इतकी अवघड का, हे समजून घेण्यासारखे आहे. यजमान पाहुण्याला थांबवतो, तेव्हा पाहुण्याच्या आतली प्रत्येक गोष्ट थांबते. मोजमाप करणारा कार्यक्रमही थांबतो. हजेरी मांडणाराच झोपी गेला, तर त्या वेळची हजेरी कोण मांडणार? झोपणाऱ्याला आपण किती झोपलो हे बाहेरच्या कोणीतरी सांगावे लागते. ‘एसटी’चा आकडा म्हणजे यजमानाने पाहुण्याला दिलेली ही माहिती होय. काही व्यवस्थांत यजमान ती देतच नाही. मग स्तंभात शून्य दिसते. ‘वेळ गेला नाही’ आणि ‘वेळ गेल्याचे कळले नाही’ या दोन्हींसाठी एकच शून्य वापरणे, हा उपकरणाचा मोठा दोष आहे. न मोजलेल्या जागी प्रयोगवहीत शून्य लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे आपण गुण कापतो.

याचा परिणाम केवळ आकड्यांपुरता राहत नाही. बाहेर गेलेल्या वेळेची नोंद नसेल, तर तो वेळ आत चालू असलेल्या प्रोग्रामच्या खात्यावर पडू शकतो. प्रोग्राम लिहिणाऱ्यावर नाहक ठपका येतो, किंवा गरज नसताना जास्त भाड्याचे यंत्र घेतले जाते.

येथे १९७४ मधील एका निबंधाची आठवण होते. जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी आभासी यंत्राच्या अटी त्यात नेमकेपणाने मांडल्या. एक अट अशी, की आभासी यंत्रात प्रोग्रामचे वर्तन खऱ्या यंत्रातल्यासारखेच असावे. मात्र त्यांनी दोन बाबतींत सूट ठेवली : साधनांची उपलब्धता आणि वेळ. कार्यक्षमता मोजायची म्हणजे नेमक्या याच दोन गोष्टी मोजायच्या! आभासी यंत्राचे सोंग जेथे उघडे पडते, तेथेच आपण मोजपट्टी लावत असतो.

‘चोरी’ हा शब्दही आम्हाला खटकतो. शेजारच्या पाहुण्याने प्रोसेसर व्यापला, तर हा आकडा वाढतो. पण भाडे भरताना ठरलेला आपला वाटा संपला, तरीही काही ठिकाणी तोच आकडा वाढतो. दुसऱ्या प्रसंगात कोणी काही चोरलेले नाही. चाळीतल्या नळाला पाणी कमी आले, की बादली ते कमी आल्याचे दाखवते. टाकी रिकामी झाली, की खालच्या बिऱ्हाडाने नळ सोडून ठेवला, हे बादलीला माहीत नसते.

मग यजमानाच्या बाजूने पाहावे काय? तेथेही आज्ञा आहेत. केव्हीएमवर व्हर्श आणि व्हर्ट-टॉप, व्हीएमवेअरवर ईएसएक्सटॉप. कोणता पाहुणा किती प्रोसेसर खातो हे त्यांतून दिसते. परंतु भाडेकरूला या आज्ञा देता येत नाहीत. त्या मालकाच्या हाती असतात. शिवाय मालकालाही सगळे दिसत नाही. पाहुण्याने व्यापलेल्या स्मृतीतील कोणता भाग खरोखर कामाचा आणि कोणता सोडून देण्याजोगा, हे पाहुण्यालाच ठाऊक असते. म्हणून यजमान पाहुण्याच्या आत एक ‘फुगा’ ठेवतो. फुगा फुगला, की आतली स्मृती आकसते आणि काय सोडायचे ते पाहुणा स्वतः ठरवतो. कार्ल वॉल्डस्पर्गर यांनी २००२ मध्ये या युक्तीचे वर्णन प्रसिद्ध केले. व्हीएमस्टॅटमध्ये मात्र फुग्यासाठी स्तंभ नाही. स्मृती कमी झालेली दिसते, ती कुठे गेली ते दिसत नाही.

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना याचा प्रयोग करता येईल. लिनक्स आणि केव्हीएम असलेल्या एका संगणकावर एकेक प्रोसेसर दिलेले दोन पाहुणे तयार करावेत आणि दोघांनाही यजमानाच्या एकाच गाभ्याला, म्हणजे कोअरला, बांधावे. आधी एकातच अखंड फिरणारा छोटा प्रोग्राम चालवून व्हीएमस्टॅटच्या ओळी उतरवून घ्याव्यात. पहिली ओळ गाळावी. नंतर दुसऱ्यातही तोच प्रोग्राम सुरू करावा. पहिल्याच्या आत काहीही बदललेले नसताना ‘एसटी’चा आकडा शून्याच्या आसपासहून पन्नासाच्या आसपास जाईल. त्याच वेळी यजमानावर व्हर्ट-टॉप चालवून दोन्ही नोंदी शेजारी मांडाव्यात.

तेव्हा आमचा अभिप्राय असा. व्हीएमस्टॅट हे चांगले उपकरण आहे, पण ते आतल्या खोलीत टांगलेले आहे. स्तंभांची नावे पाठ करून घेतल्याने त्याचे ज्ञान होत नाही. प्रत्येक आकड्यापुढे विद्यार्थ्याने तीन गोष्टी लिहाव्यात : हा कोणी मोजला, कुठे उभे राहून मोजला आणि किती वेळाची ही सरासरी आहे. ज्या शून्यापुढे ही उत्तरे लिहिता येत नाहीत, तेथे शून्य खोडून ‘माहीत नाही’ असे लिहावे. प्रयोगवहीत त्या उत्तराला पूर्ण गुण द्यायला आपण शिक्षकांनी कचरू नये.