भिंतीवरची पोथी

सज्जनहो, डोळा आणि कान ही परमार्थाची दोन दारे. वारकरी पंढरीत दर्शन घेतो आणि वाळवंटात कीर्तन ऐकतो. एक घडले आणि दुसरे राहिले, तर वारी पुरी झाली असे त्याला वाटत नाही. हीच कसोटी हाती घेऊन आज एका लहानशा कलासंग्रहालयाचा विचार करू.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी नावाचे गाव आहे. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या या कला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या. सावंतवाडीच्या राजघराण्याचा त्यांना आश्रय होता. काळ पालटला, आश्रय गेला आणि कला उघड्यावर पडली. अशा वेळी परशुराम गंगावणे यांनी आपल्या घरचा गुरांचा गोठा रिकामा करून तिथे ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ उभे केले. पुढे २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गोठ्यात सरस्वती नांदवणाऱ्या या माणसाला आधी हात जोडावेत आणि मगच चार शब्द बोलावेत.

चित्रकथी म्हणजे चित्र दाखवून सांगितलेली कथा. कागदावर रंगवलेले एकेक चित्र श्रोत्यांसमोर उभे करायचे आणि वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीने रामायण-महाभारतातले आख्यान गात, बोलत पुढे न्यायचे. एका आख्यानाच्या चित्रांच्या गठ्ठ्याला ही मंडळी ‘पोथी’ म्हणतात. वाचकहो, हा शब्द नीट ध्यानात घ्या. त्यांनी त्याला चित्रसंग्रह म्हटले नाही, पोथी म्हटले. पोथी पाहायची नसते, लावायची असते. तिला आरंभ असतो, अध्याय असतात, समाप्ती असते.

त्या चित्रांत झाडे, डोंगर, महाल फारसे नाहीत. मोकळ्या कागदावर ठसठशीत माणसे, मोठे डोळे, उगारलेली शस्त्रे. पाहणाऱ्याला वाटते, चित्रकाराने पुष्कळ गाळले. त्याने गाळले नाही, कथेकऱ्यासाठी जागा ठेवली. अरण्य किती घोर होते, वारा कसा सुटला होता, हे सांगणारा शेजारीच बसलेला असे. 

आता नवी प्रदर्शने मांडणाऱ्यांना माझे एक सांगणे आहे. जुन्या पोथीत दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. एक प्रसंग संपला की पान उलटायचे आणि कथा पुढे सरकायची. असे पान काचेच्या चौकटीत बसवून भिंतीला टांगले, तर एक प्रसंग लोकांकडे तोंड करतो आणि दुसरा भिंतीकडे. अर्धी कथा कायमची पाठमोरी होते. त्यातही देखणे चित्र निवडून एकटे लावले, तर ते अभंगातला एक गोड शब्द कापून दाखवल्यासारखे आहे. चित्रे लावावीत ती कथेच्या क्रमाने, आणि पाठीमागचा प्रसंगही दिसेल अशी सोय करून.

कोणी म्हणेल, महाराज, कोकणातल्या ओलीत आणि वाळवीत कागद टिकायचा कसा? खरे आहे. काच हवी, कपाट हवे, संग्रहालयही हवे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाने चित्रकथीची जुनी चित्रे जपली नसती, तर आज ती आपल्या दृष्टीसही पडली नसती. पण काचेत कागद राहतो, कथा राहत नाही. ती एका कंठातून दुसऱ्या कंठात जाते, आणि त्यासाठी शिष्याला गुरूजवळ वर्षानुवर्षे बसावे लागते. ज्ञानेश्वरीत सूत्रावर चालणाऱ्या बाहुल्याचा दृष्टान्त आहे. बाहुले आपल्या बळाने चालत नाही, चालवणारा वेगळा असतो. संग्रहालयात बाहुली खुंटीला टांगलेली दिसली की मनात विचारावे, हिचे सूत्र धरणारे हात अजून आहेत का?

पिंगुळीचे मोठेपण इथेच आहे. ज्या घराने चित्रे जपली, त्याच घरात ती सांगणारेही आहेत. म्हणून या संग्रहालयाचे मोल भिंतीवर किती चित्रे आहेत यावरून करू नये. पोथी आरंभापासून शेवटापर्यंत सांगणारी किती तरुण मुले तिथे तयार होतात, यावरून करावे. चित्र विकत घेऊन दिवाणखान्यात लावणारा गिऱ्हाईक त्यांच्या पोटाला आधार देतो, त्याला नावे ठेवू नयेत. मात्र ऐकणारा मिळाला नाही, तर सांगणारा मुका होतो. कीर्तनाचाही तोच नियम आहे.

तेव्हा कोकणात गेलात तर पिंगुळीला अवश्य जा. भराभर चित्रे पाहून, फोटो काढून निघू नका. ‘एखादे आख्यान लावता का?’ असे अदबीने विचारा, योग्य बिदागी द्या आणि मांडी घालून बसा. सप्ताहात आपण वीणा खाली ठेवू देत नाही. एकाचे हात थकले की दुसरा ती गळ्यात घेतो. त्यांच्याही वीणेची तीच आस आहे.

रामकृष्णहरि.