पूल आधी, पाणी मागाहून

इंग्लंडातील ब्लेनिम प्रासादाविषयी लिहायचे तर वाड्यापासून आरंभ करावा, असा शिरस्ता आहे. मी पुलापासून करतो.

वुडस्टॉक गावाकडून कमानीखालून आत शिरलो आणि जागीच थबकलो. खाली विस्तीर्ण तळे, त्यावर दगडी पूल, पलीकडे तो अवाढव्य वाडा! सारे जणू सृष्टीनेच मांडून ठेवलेले. पण वाचकहो, हा देखावा एका हातचा नव्हे; दोन हातांचा आहे, आणि त्या दोहोंत सुमारे साठ वर्षांचे अंतर आहे.

१७०४ साली ब्लेनिमची लढाई जिंकल्याबद्दल मार्लबरोच्या ड्यूकला ही जहागीर मिळाली. १७०५ मध्ये बांधकाम सुरू झाले. स्थपती जॉन व्हॅनब्रू हा नाटककारही होता, आणि त्याने घराऐवजी रंगमंचच उभारला. प्रवेशाच्या दालनाची उंची ६७ फूट. एका अंगाला स्वयंपाकघराचा चौक, दुसऱ्या अंगाला तबेल्याचा. एवढ्या पसाऱ्यात ताटातला घास ऊन कसा राहावा, हा प्रश्न कोणत्याही गृहिणीला पडेल. डचेस सारा हिला हवे होते राहण्याजोगे घर. दोघांचे बिनसले. १७१६ मध्ये व्हॅनब्रूने काम सोडले. १७२५ मध्ये तो पाहायला आला, तेव्हा तिने त्याला आवारात पाऊलही टाकू दिले नाही.

मला साराचा राग समजतो. व्हॅनब्रूचा पूल एवढा थोरला, की त्याच्या पोटात तीसेक खोल्या. आणि खालून वाहणारा ग्लाइम म्हणजे एक ओढा! पुढे त्याचे कालवे केले, तरी पाणी बेताचेच. लहान पोराच्या डोक्यावर आजोबांची पगडी ठेवावी, तसा तो थाट दिसला असेल.

१७६४ च्या सुमारास लान्सलॉट ब्राउन हा उद्यानकार आला. त्याने पुलाचा एक दगड हलवला नाही. ओढ्याला बांध घातला. पाणी चढले, पुलातल्या खालच्या खोल्या बुडाल्या आणि उरलेला पूल प्रथमच शोभून दिसू लागला.

ब्राउन सर्वत्र एवढा समंजस नव्हता. हेन्री वाइझने आखलेली रेखीव बाग त्याने मोडून हिरवळ केली. ते मला रुचत नाही. पण पुलापाशी मी त्याला मानतो. दुसऱ्याच्या कृतीत काय जास्त झाले हे आम्हा टीकाकारांना चटकन दिसते. काय कमी पडले, ते त्याला दिसले.

व्हॅनब्रू १७२६ मध्ये वारला, सारा १७४४ मध्ये. ज्या पुलावरून दोघे भांडले, त्याच्याखालचे तळे दोघांपैकी कोणीच पाहिले नाही.