जैववायूचे रिफॉर्मिंग आणि उत्प्रेरकाची निष्क्रियता : एक चिकित्सा

गोबरगॅसपासून हायड्रोजन मिळविण्याचा विचार मांडताना मिथेन व कार्बन डायऑक्साइड यांच्या अभिक्रियेचे समीकरण पुढे केले जाते. एका रेणूस एक रेणू, असे ते सुबक आहे. घोरावाडीसारख्या मावळातील गावी गोठ्यामागच्या संयंत्रात तयार होणारा वायू हे प्रमाण पाळीत नाही. त्यात मिथेन साधारणतः ५५ ते ६५ टक्के असतो. कार्बन डायऑक्साइड अपुरा पडतो आणि उरलेल्या मिथेनचे विघटन होऊन निकेलवर कार्बन साचतो.

या संदर्भात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत व्ही. आर. चौधरी व सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात केलेले संशोधन पुन्हा वाचण्याजोगे आहे. सच्छिद्र आधारद्रव्यावर प्रथम मॅग्नेशियम ऑक्साइडचा लेप देऊन मग निकेल बसविल्याने निकेल आधाराशी संयोग पावून वाया जात नाही. मिथेनसोबत कार्बन डायऑक्साइड, वाफ व ऑक्सिजन एकत्र सोडण्याची त्यांची कल्पना तर अधिक मोलाची. ऑक्सिजनच्या अभिक्रियेतील उष्णता रिफॉर्मिंगच्या कामी येते आणि वाफ कार्बनचे वायूत रूपांतर करते.

मात्र त्यांचा विषय मिथेन होता, गोबरगॅस नव्हे. हे निष्कर्ष जसेच्या तसे गोबरगॅसला लावणे ही घाई ठरेल.

एकूणच या विषयावरील लेखनाबाबत माझा मुख्य आक्षेप मोजमापाविषयी आहे. काही तास रूपांतरणाची टक्केवारी स्थिर राहिली की उत्प्रेरक टिकाऊ ठरविला जातो. वस्तुतः कार्बन दोन प्रकारे वागतो. कवचासारखा बसला तर निकेल झाकला जाऊन सक्रियता लगेच घटते. तंतूंच्या रूपाने वाढला तर निकेलचा कण तंतूच्या टोकावर उचलला जातो व काम करीतच राहतो. टक्केवारी उत्तम दिसते आणि नळी मात्र चोंदत जाते. म्हणून साचलेल्या कार्बनचे वजन आणि नळीच्या दोन टोकांमधील दाबाचा फरक दिल्याविना स्थैर्याचा दावा ग्राह्य मानू नये.

हायड्रोजन सल्फाइडचा प्रश्न याहून अवघड. गंधक निकेलला विषारी खरे. परंतु डेन्मार्कच्या टॉप्सो कंपनीच्या 'स्पार्ग' प्रक्रियेत नियंत्रित गंधकानेच कार्बनला आवर घातला गेला. तेथे मात्रा ठरलेली असते. गोबरगॅसमध्ये ती जनावरांच्या चाऱ्यागणिक बदलते, आणि शुद्ध वायूंच्या बाटल्यांवर केलेल्या प्रयोगांत हा बदल कधी उतरतच नाही.