भार कुणाचा, पीळ कुणाचा

नागभीडच्या रस्त्याकडेला धानाची पोती भरलेला ट्रक उभा असला, तर त्याच्या मागच्या चाकाचा मधला भाग थांबून बघण्यासारखा असतो. खोलगट रिममधून हबचे जाड तोंड बाहेर आलेले, त्यावर लोखंडी चकती, चकतीच्या कडेने बोल्ट. ट्रकच्या मागे रंगवलेल्या शेरोशायरीला वाचक पुष्कळ मिळतात. माझ्या मते त्या वाहनावरची सगळ्यात नेमकी रचना या ग्रीसने माखलेल्या चकतीपाशी आहे.

ते बोल्ट काढले की चकतीसह एक लांब दांडा बाहेर सरकतो. हा एक्सल शाफ्ट. तो पूर्ण उपसून काढला तरी चाक जागचे हलत नाही. जॅक लावावा लागत नाही, पोती उतरवावी लागत नाहीत. कारण पोत्यांचा भार शाफ्टवर कधी नव्हताच. तो होता शाफ्टभोवतीच्या पोकळ हाउसिंगवर आणि हब ज्या बेअरिंगांवर फिरते त्यांच्यावर. शाफ्टला काम एकच, इंजिनाकडून आलेला पीळ चाकापर्यंत पोचवण्याचे. या रचनेला फुल फ्लोटिंग म्हणतात.

जुनी बंडी आठवा. तिचा आख फिरत नसे. तो खाली पक्का बसवलेला, चाके त्याच्या दोन टोकांवर मोकळी, निसटू नयेत म्हणून खीळ. ओढ बैलांची, ओझे आखाचे. ट्रकचे हब उघडले की आत हीच बंडी सापडते. आख पोकळ केला आणि बैलांचे काम त्या पोकळीतून जाणाऱ्या शाफ्टकडे दिले, एवढाच फरक. कामाची ही वाटणी इतकी साधी आहे की ती सुचायला कुणाला तरी बराच वेळ लागला असेल, असे उगाच वाटून जाते.

ताडोबाच्या वाटेवर धावणारी जिप्सी वेगळ्या घराण्यातली. मारुतीने 1985 साली आणलेल्या या गाडीचा मागचा एक्सल सेमी फ्लोटिंग आहे. चाक शाफ्टच्याच टोकाला बसते. म्हणजे त्याने गाडी तोलायची, वळणावरचा आडवा रेटा सोसायचा आणि वर पीळही द्यायचा. याला मी दोष म्हणणार नाही. हलक्या गाडीला ही काटकसर शोभते. अडचण सुरू होते ती मालकाला मोठ्या टायरांचा मोह पडल्यावर.

205/70 आर 15 मापाचा टायर साधारण 668 मिलिमीटर व्यासाचा असतो. त्याजागी 235/75 आर 15 घातला तर व्यास 733 च्या आसपास जातो. दिसायला गाडी रुबाबदार होते, पण हाउसिंगचे पोट जमिनीपासून वर उचलले जाते जेमतेम 33 मिलिमीटर. त्या बदल्यात चाकाची त्रिज्या सुमारे दहा टक्क्यांनी वाढते, आणि जमिनीला तेवढाच रेटा द्यायचा तर शाफ्टवरचा पीळही दहा टक्क्यांनी वाढतो. रोवणीच्या दिवसांत पांदणीच्या चिखलात एक चाक रुतले, चालकाने लो गिअर टाकला आणि डिफरन्शियल लॉक असेल, तर जवळजवळ सगळा पीळ पकड असलेल्या एकाच शाफ्टवर येऊ शकतो.

मोडलेला शाफ्ट भंगारात देण्याआधी त्याचे तुटलेले तोंड नीट पाहावे. मला वाटते, खरा रसिक इथे ओळखू येतो. एका कडेपासून निघालेल्या बारीक कमानदार रेषा, एकीबाहेर एक, आणि उरलेला भाग खरखरीत, दाणेदार, असे दिसले तर शाफ्ट थकून मोडला. चीर रेषेरेषेने पुढे सरकत होती; खरखरीत जागा शेवटच्या क्षणाची. ती लहान असेल, तर मोडताना अंगावरचा ताण फारसा नव्हता आणि बिचाऱ्याने बरेच दिवस तग धरला होता. शाळेतला खडू पिळून मोडल्यावर येते तसे पंचेचाळीस अंशांत तिरके तोंड आले, तर कडक पोलाद पिळाने तडकले. तोंड सपाट आडवे असून टोकाच्या खाचाही पिळवटल्या असतील, तर मऊ पोलाद जोराला शरण गेले. या खाचा म्हणजे स्प्लाइन, आणि बहुतेकदा मोडते ते त्यांच्या मुळाशीच.

पोलाद थकते हे माणसाला कळले ते रेल्वेमुळे. नागभीड जंक्शनवर ही तिसरी रचना दिसते: चाके आसावर घट्ट दाबून बसवलेली, सगळे मिळून फिरते. नागपूरकडची 762 मिलिमीटरची छोटी लाईन 1676 च्या ब्रॉडगेजसाठी 2019 मध्ये बंद झाली. रुळांमधले अंतर बदलले, आसाचे नशीब तेच. भार घेऊन फिरायचे असल्याने प्रत्येक फेरीत त्याच्या पृष्ठभागाचा तोच बिंदू एकदा ताणला आणि एकदा दाबला जातो. 8 मे 1842 रोजी व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडला आणि अनेकजण मेले. पुढे जर्मनीत ऑगस्ट व्योलरने रेल्वेच्या आसांवर वर्षानुवर्षे प्रयोग करून या थकव्याचे नियम मांडले.

तेव्हा दणकट एक्सल निवडायचा कसा? जाडी हा पहिला उपाय, आणि तो समजतो त्याहून प्रभावी आहे. पिळाची ताकद व्यासाच्या घनाने वाढते. शाफ्ट दहा टक्के जाड केला की ताकद तेहतीस टक्क्यांनी चढते. दुसरा उपाय पोलादाचा. ईएन 24 सारखे निकेल-क्रोमियम-मॉलिब्डेनमचे पोलाद घ्यावे, पण त्याला योग्य उष्णता-प्रक्रिया दिलेली हवी. नुसत्या नावावर भुलू नये. मात्र शाफ्ट भक्कम केला की पीळ पुढचा अशक्त दुवा शोधतो. मग क्राऊन-पिनियनचे दात उडतात आणि खर्च कितीतरी वाढतो.

म्हणून माझा कौल फुल फ्लोटिंगला. सेमी फ्लोटिंगचा शाफ्ट बेअरिंगपाशी मोडला तर चाकच निखळू शकते. फुल फ्लोटिंगमध्ये तो मोडला तरी चाक हबवर राहते. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर तुकडे काढून, हबचे तोंड बंद करून, पुढच्या चाकांच्या ओढीने गाडी गावापर्यंत आणता येते.